लेण्यांतला अंधार आणि पिशवींतलें भिंग

सुशिक्षित मध्यम स्थितीच्या घरांत हल्लीं चांगला कॅमेरा येतो, तो बहुधा मुलाच्या अगर मुलीच्या पहिल्या पगारांतून येतो. वडील मंडळी आरंभीं खर्चाबद्दल कुरकुर करतात. पण नातवाच्या बारशाचे फोटो एकदां पाहिले, कीं तीच मंडळी कॅमेरा ठेवण्यासाठीं कपाटांतला एक खण रिकामा करून देतात. कॅमेऱ्याबरोबर दुकानदाराकडून एक झूम भिंग आलेलें असतें. सहा महिने जातात, आणि मग दुसऱ्या भिंगाची गोष्ट निघते. खरा प्रश्न येथून सुरू होतो. कारण कॅमेरा एकदांच घ्यावयाचा असतो, भिंगांच्या खरेदीला मात्र अंत नसतो.

या लेखांत आम्ही त्या दुसऱ्या भिंगाचा विचार करणार आहों. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, येथील रहिवाशांना या बाबतींत एक सोय आहे, ती पुण्यामुंबईच्या लोकांना नाहीं. तीस किलोमीटरांवर वेरूळ आणि शंभर किलोमीटरांवर अजिंठा, अशीं भिंगाची परीक्षा पाहणारीं दोन ठिकाणें आपल्या दाराशीं आहेत, आणि पाहुणे आले कीं तेथें त्यांना घेऊन जाणें कोणाही यजमानास चुकत नाहीं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत जें भिंग उपयोगी पडेल, तेंच आपल्या माजघरांतही उपयोगी पडेल, असें आमचें मत आहे. आणि तें भिंग मोठें व महाग नसून लहान व बेताच्या किमतीचें आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. ज्या भिंगाचें नाभीय अंतर बदलतां येतें तें झूम. ज्याचें बदलतां येत नाहीं तें प्राइम. झूम असलें म्हणजे जागच्या जागीं उभें राहून देखावा जवळ आणतां येतो. प्राइम असलें म्हणजे आपणांसच चार पावलें पुढें-मागें व्हावें लागतें. मग ही गैरसोय पैसे देऊन कां विकत घ्यावी? कारण एवढेंच, कीं एकाच नाभीय अंतरासाठीं घडविलेल्या भिंगाला कांचा कमी लागतात. त्यामुळें तें लहान व हलकें होतें, आणि तेवढ्याच आकारांत त्याचें द्वार, म्हणजे ज्यास दुकानांत 'अॅपर्चर' म्हणतात तें, झूमपेक्षां पुष्कळ मोठें ठेवतां येतें. द्वार मोठें म्हणजे आंत येणारा उजेड अधिक. भिंगावर कोरलेले एफ/२, एफ/४ हे आंकडे या द्वाराचेच होत. आंकडा लहान तितकें द्वार मोठें, ही उलटी रीत नवख्या माणसास प्रथम चकवते, पण एकदां ध्यानांत आली म्हणजे पुन्हां विसरत नाहीं.

प्राइम भिंग ही नवी टूम नव्हे. छायाचित्रणाच्या पहिल्या शंभराहून अधिक वर्षांत लोकांनीं जें काम केलें तें बहुतेक सर्व अशाच भिंगांवर केलें. साध्या कॅमेऱ्यास लावण्याजोगें झूम भिंग विक्रीस आलें तें १९५९ सालीं, जर्मनीच्या फोइग्टलेंडर कंपनीचें. अजिंठ्याचीं पहिलीं छायाचित्रें तर त्याच्या शंभर वर्षें आधींचीं. त्यांची हकीकत येथें थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाशीं तिचा निकटचा संबंध आहे.

मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यास ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमलें. त्यानें वर्षानुवर्षें तिकडेच राहून मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत नकला उतरविल्या. त्या विलायतेस गेल्या, लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगींत त्यांपैकीं बहुतेक जळून गेल्या. पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपले विद्यार्थी बरोबर घेऊन १८७२ ते १८८५ या काळांत तेंच काम नव्यानें केलें. त्यांच्या नकलांपैकींही पुष्कळशा लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन भागांत १८८५ सालीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. एकाच कामावर अग्नीनें दोनदां असा डाव साधल्याचें उदाहरण कलेच्या इतिहासांत विरळाच असेल.

गिलनें मात्र मध्यंतरीं कॅमेराही हातीं घेतला होता. दोन डोळ्यांप्रमाणें शेजारीं शेजारीं दोन भिंगें असलेल्या स्टीरिओ कॅमेऱ्यानें त्यानें अजिंठा, वेरूळ व आसपासच्या स्थळांचीं जोडचित्रें काढलीं. त्यांतील निवडक ७४ चित्रांचें पुस्तक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ सालीं लंडनमध्यें निघालें. कापडें जळालीं, पण छायाचित्रांच्या प्रती अनेक होत्या, त्या राहिल्या. आतां गंमत अशी, कीं या जोडचित्रांच्या कॅमेऱ्याचीं भिंगें त्या काळच्या मानानें लहान व आंखूड नाभीय अंतराचीं असत. म्हणूनच मोठ्या पेटीवजा कॅमेऱ्यांपेक्षां त्यांचें काम थोड्या वेळांत होई. म्हणजे अजिंठ्यास लहान भिंग नेण्याचा पायंडा आम्ही घालीत नसून तो दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींचा आहे.

तथापि गिलच्या छायाचित्रांत लेण्यांचे दर्शनी भाग, खांब आणि शिल्पें यांवरच भर आहे. भित्तिचित्रांसाठीं त्याला कुंचल्याकडेच जावें लागलें. याचें कारण त्याच्या हातांत नसून त्याच्या कांचांत होतें. त्या वेळच्या ओल्या कलोडियनच्या कांचा निळ्या उजेडासच जाग्या होत. तांबडा, गेरवा, पिवळा हे रंग त्यांना जवळजवळ काळेच दिसत. अजिंठ्याचा चितारी तर गेरू आणि पिवळ्या मातीवर जगणारा! त्यांत लेण्यांतला अंधार. पुढें निजामाच्या राज्यांतील पुराणवस्तुखात्याचे गुलाम यज़दानी यांनीं छायाचित्रांच्या आधारें केलेल्या रंगीत चित्रांचे भाग १९३० पासून १९५५ पर्यंत प्रसिद्ध केले, आणि १९९१ मध्यें बिनॉय बेहल यांनीं अगदीं अल्प प्रकाशांत, दीर्घ काळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवून, हीं चित्रें पुन्हां टिपलीं. (जातां जातां येथें सांगण्यासारखें आहे, कीं अजिंठ्याचे शिलालेख वाचणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या आरंभींच्या देशी छायाचित्रकारांपैकीं एक होते. कॅमेरा हें परक्यांचें खेळणें म्हणून आपण कधींच दूर ठेवलें नव्हतें.)

आतां आजच्या यात्रेकरूची स्थिति पहा. भित्तिचित्रांस इजा पोंचूं नये म्हणून लेण्यांत फ्लॅश लावण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तिवई न्यावयाची तर पुरातत्त्वखात्याची परवानगी लागते. आंत सौम्य दिवे असतात, पण उन्हांतून आंत पाऊल टाकणाऱ्यास पहिलीं दोन मिनिटें कांहीं दिसत नाहीं. अशा ठिकाणीं छायाचित्रकाराच्या हातीं राहिलें काय? स्वतःचे स्थिर हात, रोखलेला श्वास, आणि भिंगाचें द्वार.

या द्वाराचा हिशेब सोपा आहे. एफ/४ च्या चौपट उजेड एफ/२ घेतें, आणि एफ/५.६ च्या आठपट. कॅमेऱ्याबरोबर मिळणारीं झूम भिंगें लांबच्या टोकाला बहुधा एफ/५.६ किंवा एफ/६.३ वर जाऊन थांबतात. समजा, पद्मपाणीसमोर अशा झूमनें अर्धा सेकंद पडदा उघडा ठेवावा लागला. अर्धा सेकंद कॅमेरा हातांत निश्चल धरणें हें योग्यासच साधेल. एफ/२ च्या प्राइमनें तेंच काम सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यांत होतें, आणि कॅमेऱ्यांत कंप शोषून घेण्याची योजना असल्यास तेवढें तर आमच्या सत्तरीच्या स्नेह्यांनाही साधतें. शिवाय हल्लींचे सेन्सर ३२०० किंवा ६४०० आयएसओवरही बऱ्यापैकीं स्वच्छ चित्र देतात. एक गोष्ट मात्र विसरूं नये: कंप शोषण्याची योजना आपल्या हातांचा कंप शोषते, समोरच्या मुलाची चुळबुळ नव्हे. बोधिसत्त्व हलत नाहीं, नातवंडें हलतात. घरांतल्या दिवेलागणीच्या फोटोंत मोठें द्वार जें कामीं येतें तें यासाठीं.

मग कोणी विचारील, एफ/२ चांगलें तर एफ/१.४ अगर एफ/१.२ अधिक चांगलें नव्हे काय? दुकानदार तर तसेंच सांगेल. येथें जरा थांबून गणित करावें. द्वाराचा व्यास म्हणजे नाभीय अंतर भागिलें तो आंकडा. ३५ मि.मी. भिंगाचें द्वार एफ/२.८ ला साडेबारा मि.मी., एफ/२ ला साडेसतरा, आणि एफ/१.४ ला पंचवीस मि.मी. असतें. द्वार वाढलें कीं पुढच्या-मागच्या सर्व कांचा वाढतात, त्यांतले दोष काढण्यास आणखी कांचा घालाव्या लागतात, आणि वजन व किंमत भराभर चढतात. सोनीचें एफ/२.५ चें ४० मि.मी. भिंग १७३ ग्रॅमचें आहे; त्याच कंपनीचें ३५ मि.मी. एफ/१.४ चें वरिष्ठ भिंग ५२४ ग्रॅमचें, म्हणजे तिपटीहून जड. उजेडाचा लाभ तिपटीच्या जवळपास खरा. पण तो लाभ जितक्या वेळां लागतो त्याच्या कितीतरी पट वेळां तें वजन खांद्यावर असतें.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. द्वार मोठें केलें म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो. ३५ मि.मी. भिंगानें दहा फुटांवर नेम धरला, तर एफ/१.४ वर सुमारें नऊ फुटांपासून सव्वाअकरा फुटांपर्यंतचेंच स्पष्ट येतें, एफ/२ वर पावणेनऊपासून पावणेबारापर्यंत, आणि एफ/५.६ वर सातांपासून सतरापर्यंत. आपल्या घरच्या मुंजीचा गट डोळ्यांपुढें आणा. खालीं सतरंजीवर मुलें, मध्यें खुर्च्यांवर वडील मंडळी, मागें उभे काका, मामा व सुना. तीन रांगांची खोली सहजच चार-पांच फूट होते. एफ/१.४ वर काढलेल्या अशा फोटोंत आजोबा स्पष्ट, आणि मागच्या रांगेंतली नवी सून धुकट, असा प्रकार होतो, आणि त्याचा बोभाटा पुढें अनेक वर्षें पुरतो. अशा गटासाठीं द्वार लहानच करावें लागतें. मग मोठ्या द्वाराचे मोजलेले पैसे त्या दिवशीं बसूनच राहिले! लेण्यांतही तेंच. गर्दीमुळें आणि कठड्यामुळें भिंतीसमोर नीट उभें राहतां येत नाहीं, तिरकस उभें राहून चित्र घ्यावें लागतें. तेव्हां फारच उघडें द्वार ठेवल्यास पद्मपाणीचा चेहरा स्पष्ट आणि हातांतलें कमळ अस्पष्ट, असें होण्याचा संभव असतो.

यावरून आमचें मत असें झालें आहे, कीं एफ/१.८ ते एफ/२.५ यांच्या दरम्यानचें द्वार हें संसारी माणसाचें द्वार होय. एफ/२.८ हेंही चालेल, जर त्यामुळें भिंग कोटाच्या खिशांत मावण्याइतकें लहान होत असेल तर.

नाभीय अंतर किती असावें, यावर वाद फार. त्यासाठीं एक सोपा अडाखा सांगतों. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ मि.मी. रुंद असतो. म्हणून आडव्या धरलेल्या कॅमेऱ्यावर ३५ मि.मी. भिंग असेल, तर जितकें अंतर तितकीच रुंदी चित्रांत येते. दहा फुटांवरून दहा फूट, वीस फुटांवरून वीस फूट. ५० मि.मी. भिंगांत त्याच दहा फुटांवरून सात फूट येतात, आणि २४ मि.मी. मध्यें पंधरा. हा एक अडाखा पाठ असला म्हणजे फीत घेऊन आपलें घर मोजावें आणि भिंग कोणतें हें घरानेंच सांगावें. हल्लींच्या सदनिकांतल्या दिवाणखान्यांत पाठ भिंतीला लावूनही दहा-बारा फुटांपलीकडे सरकतां येत नाहीं. तेथें ५० मि.मी. भिंगानें गौरीची आरास घेतली तर आरती करणाऱ्या सासुरवाशिणी बाहेर राहतात. २४ मि.मी. मध्यें सर्व कांहीं येतें, पण कडेला बसलेल्या आत्याबाई ताणल्यासारख्या रुंद दिसतात, आणि ही गोष्ट आत्याबाईंच्या नजरेंतून सुटत नाहीं. ३५ मि.मी. हा मधला मार्ग. ४० मि.मी. त्याच्या किंचित् पुढचा; माणसांच्या चेहऱ्यांस तो अधिक मानवतो.

ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे त्यांनीं हिशेब बदलावा. एपीएस-सी जातीच्या सेन्सरवर दीडपट धरावी (कॅननच्या कॅमेऱ्यांत १.६ पट), मायक्रो फोर थर्ड्सवर दुप्पट. म्हणजे ३५ च्या जागीं अनुक्रमें २३ आणि १७ मि.मी. भिंग घेतलें कीं तेवढाच देखावा मिळतो.

हीं भिंगें इतकीं लहान कां होऊं शकतात, याचें कांहीं श्रेय कॅमेऱ्यास आहे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत भिंगामागें हलणारा आरसा असे, आणि त्याला जागा ठेवावी म्हणून भिंगाची बैठक सेन्सरपासून निकॉनमध्यें साडेशेहेचाळीस मि.मी. आणि कॅननमध्यें ४४ मि.मी. दूर असे. २००८ मध्यें पॅनासॉनिकचा जी-१ हा पहिला बिनआरशाचा कॅमेरा निघाला, आणि पुढें ही बैठक सोनीमध्यें १८, निकॉनच्या झेड मालिकेंत १६ आणि कॅननच्या आरएफमध्यें २० मि.मी. इतकी जवळ आली. त्यामुळें आंखूड नाभीय अंतराच्या भिंगांची मांडणी सुटसुटीत करतां येऊं लागली. पण बिनआरशाचा कॅमेरा घेतला म्हणजे भिंगें आपोआप लहान झालीं, असा समज करून घेऊं नये. कित्येक कंपन्यांनीं त्या मिळालेल्या जागेचा उपयोग तांब्याएवढीं भिंगें करण्याकडेच केला आहे. लहान भिंग मागूनच घ्यावें लागतें.

बाजारांत मिळणाऱ्या कांहींचीं नांवें देतों, तीं जाहिरात म्हणून नव्हे. निकॉन झेडसाठीं ४० मि.मी. एफ/२, वजन १७० ग्रॅम. सोनीसाठीं वर सांगितलेलें ४० मि.मी. एफ/२.५, आणि त्याचीं २४ व ५० मि.मी. भावंडें; तिघांचा बाहेरचा आकार सारखाच, ही एक सोयच. कॅनन आरएफसाठीं ५० मि.मी. एफ/१.८, वजन १६० ग्रॅम, आणि २८ मि.मी. एफ/२.८, वजन केवळ १२० ग्रॅम. फुजीच्या एक्स मालिकेंत २३ मि.मी. एफ/२, वजन १८० ग्रॅम. आणि २७ मि.मी. एफ/२.८, जें ८४ ग्रॅमचें असून बशीसारखें चपटें आहे. पॅनासॉनिकचें मायक्रो फोर थर्ड्सचें २० मि.मी. एफ/१.७ हें शंभर ग्रॅमच्या आंतबाहेरचें भिंग तर या जातींतलें जुनें आणि अनेकांच्या प्रेमाचें. एक इशारा द्यावासा वाटतो: आपल्या कॅमेऱ्याची बैठक कोणती हें पाहिल्यावांचून, केवळ आंकडे जुळले म्हणून, भिंग मागवूं नये.

लहान भिंगांत दोष नाहींत असें नाहीं. द्वार पूर्ण उघडलें असतां चित्राचे कोपरे काळवंडतात. कांहींत सरळ रेघा मुळांत वांकड्या येतात, आणि कॅमेरा गणितानें त्या सरळ करतो; आम्हांला यांत फसवणूक वाटत नाहीं, पण कांहीं सोवळ्या मंडळींस वाटते. कांहींची नेम धरण्याची मोटर कुरकुरते, आणि चलच्चित्र घेतांना तो आवाज ध्वनींत उतरतो. सत्यनारायणाच्या कथेचें चित्रण करणाऱ्यांनीं हें दुकानांतच कानांनीं तपासून घ्यावें. धुळीपाण्यापासून बंदोबस्त सर्वांत असतोच असें नाहीं. वेरूळची उन्हाळ्यांतली धूळ ज्यांनीं अंगावर घेतली आहे त्यांना याचें महत्त्व सांगावयास नको.

इतके दोष पत्करून लहान भिंग कां घ्यावें, याचें खरें उत्तर मात्र अजिंठ्याच्या पायऱ्यांवर मिळतें. आपली गाडी फर्दापूरच्या फांट्यावर ठेवावी लागते, तेथून एस.टी.नें चार किलोमीटर, मग पायऱ्यांची चढण, आणि मग वाघोरा नदीच्या नालाकार वळणावर पसरलेलीं तिसेक लेणीं. हातांत पाण्याच्या बाटल्या, डबा, कडेवर मूल. रंगीत लेण्यांत शिरतांना दर वेळीं पादत्राणें काढावयाचीं. अशा वेळीं दोन किलोचा सरंजाम गळ्यांत बाळगणारा गृहस्थ दहाव्या लेण्यापाशीं कॅमेरा पिशवींत टाकतो आणि सव्विसाव्यापर्यंत बाहेर काढीत नाहीं. लहान भिंगाचा कॅमेरा बायकोच्या पर्समध्यें राहतो, आणि मग फोटो तीही काढते. ही शेवटची गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. आपल्या घरांतले जुने आल्बम चाळून पहा: कार्यप्रसंगीं बोलाविलेल्या फोटोग्राफरनें घेतलेले गट पुष्कळ, पण आजी स्वयंपाकघरांत, खिडकीच्या उजेडांत पोळ्या लाटते आहे, असें चित्र क्वचितच सांपडेल. जड कॅमेरा कपाटांतून निघेपर्यंत पोळ्या होऊन जातात. फडताळावर हाताशीं असलेला, नेहमींच भिंग लावलेला लहान कॅमेराच तें चित्र घेऊं शकतो, आणि आजी कांहीं दर वर्षीं नवी मिळत नाहीं.

वेरूळची गोष्ट निराळी. कैलास हें सोळावें लेणें. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकांत, डोंगर वरून खालीं कोरून काढलेलें. अंगणाचा खड्डा सुमारें २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागची कड १०७ फूट उंच. मंदिर आणि कडा यांच्यामधली वाट अरुंद. तेथून मागें सरकून शिखर चित्रांत बसविणें ३५ मि.मी. भिंगास शक्य नाहीं. २४ मि.मी. भिंग उभें धरलें तर जितकें अंतर त्याच्या दीडपट उंची मिळते, तरीही पूर्ण देवालय खालून सांपडत नाहीं. त्यासाठीं बाजूच्या टेकडीवर जावें, मग कोणतेंही भिंग पुरतें. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यांतलें महापरिनिर्वाणाचें शिल्पही असेंच हट्टी. सुमारें तेवीस फूट लांब बुद्धमूर्ति डाव्या भिंतीला पहुडलेली, आणि समोर खांबांची रांग, ३५ मि.मी. ला तेवीस फूट मागें जावें लागेल, २४ मि.मी. ला पंधरा, आणि खांबांच्या अलीकडे जागा इतकीही नाहीं. म्हणून सर्वजण मस्तकाकडून अगर पायांकडून तिरकें चित्र घेतात. तें चांगलेंही येतें, कारण मूर्तीची लांबी अशा दृष्टींतच जाणवते.

तेव्हां दुसरें प्राइम घ्यावयाचेंच असेल तर आमच्या जिल्ह्यांतल्या माणसानें तें २४ मि.मी. घ्यावें. ३५ च्या जोडीला ५० घेणें म्हणजे घरांत आमटी असतां वरण करण्यासारखें आहे. ८५ मि.मी. भिंग नववधूच्या फोटोला शोभतें, बिबी का मकबऱ्याचा घुमट दुरून घेण्यासही चांगलें. पण तें वर्षांतून चार वेळां लागतें, आणि तेवढ्यासाठीं स्नेह्याकडून मागून आणतां येतें. पैठणच्या मागावरची पैठणी किंवा आपल्या शहराच्या हिमरूची वीण जवळून टिपावयाची ज्यांना हौस आहे, त्यांनीं भिंग किती जवळून नेम धरतें तो आंकडा पाहावा. कॅननचें ३५ मि.मी. एफ/१.८ सतरा सें.मी. पर्यंत जवळ जाऊन वस्तूच्या निम्म्या आकाराची प्रतिमा सेन्सरवर पाडतें; निकॉनचें ४० मि.मी. एकोणतीस सें.मी. अलीकडे येत नाहीं.

हें सर्व वाचूनही मनाची द्विधा राहिली, तर पैसे खर्च करण्यापूर्वीं एक प्रयोग करावा. घरांतल्या झूमचें कडें ३५ वर (लहान सेन्सर असल्यास २३ वर) आणून त्यावर चिकटपट्टी लावावी आणि महिनाभर ती काढूं नये. एकादा सण, एक वाढदिवस, एक रविवारची सहल, एवढें त्यांत यावें. चित्रें कापलीं जात असतील तर २८ कडे वळावें. माणसें बुटकीं आणि दूर वाटत असतील तर ४० किंवा ५० कडे. ज्यांच्यापाशीं जुने फोटो संगणकांत आहेत त्यांना तर प्रयोगाचीही गरज नाहीं. प्रत्येक फोटोबरोबर नाभीय अंतर नोंदलेलें असतें. शे-दोनशें आवडत्या फोटोंची नोंद मुलांकडून वहींत उतरवून घ्यावी. कोणत्या आंकड्यापाशीं गर्दी आहे तें एका संध्याकाळीं कळतें, आणि मुलांनाही सरासरी काढण्याचा सराव होतो.

अजिंठा सोमवारीं आणि वेरूळ मंगळवारीं बंद असतें, हें पाहुण्यांचा बेत ठरवितांना लक्षांत ठेवावें. लेण्यांत शिरण्यापूर्वीं फ्लॅश बंद आहे कीं नाहीं हें कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्यें दोन्हींकडे पाहून घ्यावें. कित्येक मोबाइल अंधार दिसला कीं तो आपण होऊन लावतात. द्वार एफ/२ वर, आयएसओ आपोआप पण ६४०० ची मर्यादा घालून, आणि दर चित्राच्या तीन प्रती घ्याव्या. तिन्हींत एक तरी बिनकंपाची निघते. घरीं आल्यावर चांगलीं वीस चित्रें निवडून त्यांच्या कागदावर दोन-दोन प्रती काढाव्या, पाठीमागें तारीख व नांवें पेन्सिलीनें लिहावीं, आणि एक संच दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या भावाकडे पाठवून द्यावा.